न जन्मलेल्या लेकराच्या नावचं कुरण

१९२२ च्या जून महिन्यात टेक्सासमधल्या वेदरफर्ड गावात, एका घरातून एक बाई निसटली. मेरी कूट्स बर्नेट. नवऱ्याच्या सांगण्यावरून कोर्टाने काही वर्षांपूर्वी तिला वेडी ठरवलं होतं आणि तेव्हापासून ती त्या घरात नजरकैदेत होती. नवरा म्हणजे सॅम्युएल बर्क बर्नेट, मालकीची खूण म्हणून ६६६६ असा डाग दिलेल्या गुरांचा धनी. तो वारला त्याच दिवशी ती बाहेर पडली, अशी नोंद आहे. मग तिने आपण शहाणे आहोत हे कोर्टाकडून मान्य करून घेतलं आणि नवऱ्याच्या मृत्युपत्रालाच आव्हान दिलं. टेक्सासचा कायदा असा, की लग्नानंतर जे मिळवलं त्यातलं निम्मं बायकोचं. ते नवरा मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊ शकत नाही. मेरीला तिचा वाटा मिळाला आणि १९२३ च्या डिसेंबरात तिने तो फोर्ट वर्थच्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला देऊन टाकला. पुढच्या वर्षी ती गेली. तिचा एकुलता मुलगा तिच्याआधीच, १९१७ मध्ये गेला होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आजही तिचं नाव आहे.

बर्नेट घराण्याबद्दल वाचताना गुरं, तेल, पैसा सगळं येतं आणि जातं, पण ही बाई मनातून हलत नाही. कारण तिच्या नवऱ्याने केलेलं मृत्युपत्र विलक्षण दूरदृष्टीचं होतं. पहिल्या लग्नाचा मुलगा टॉम हयात असताना त्याला बाजूला ठेवून म्हाताऱ्याने इस्टेटीचा मोठा हिस्सा टॉमच्या मुलीच्या, म्हणजे नात अ‍ॅनच्या हवाली केला. तोही थेट नाही. ट्रस्ट करून, तिच्या पोटी जे मूल होईल त्याच्यासाठी. अ‍ॅन तेव्हा एकवीस वर्षांची होती. ते मूल जन्माला आलं १९३८ मध्ये, म्हणजे कागदावर सही करणारा जाऊन सोळा वर्षं झाल्यावर.

ज्या मनात न जन्मलेल्या लेकराला जागा होती, त्याच मनाने जिवंत बायकोला कुलपाआड ठेवलं होतं.

असं मृत्युपत्र का केलं जातं हे समजून घ्यायला गवतापासून सुरुवात करावी लागते. ६६६६ रँचचं, म्हणजे त्याच्या गुरांच्या कुरणाचं, मुख्य ठाणं टेक्सासमध्ये गथ्री इथे, किंग काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. अख्ख्या काउंटीत तीनशे माणसं नाहीत. पाऊस वर्षाला वीस-पंचवीस इंच, तोही बेभरवशाचा. अशा जमिनीवर एक गाय आणि तिचं वासरू वर्षभर पोसायचं तर वीस ते तीस एकर लागतात. गाय दिवसाला दहा-बारा किलो कोरडा चारा खाते. तरी उगवलेलं सगळं गवत खाऊ द्यायचं नसतं. निम्मं खायला, निम्मं जमिनीला, असा तिथला जुना हिशेब. निम्म्याच्या खाली गेलात तर गवताची मुळं आखडतात, पुढच्या पावसाचं पाणी जमिनीत मुरत नाही, वाहून जातं, आणि चांगल्या गवताच्या जागी गुरं तोंड लावत नाहीत असलं काहीतरी उगवतं. ही चूक वर्षभरात होते आणि निस्तरायला दहा वर्षं लागतात. आता गथ्रीच्या भागाचे सुमारे एक लाख बेचाळीस हजार एकर घ्या. पंचवीसने भागलं तर साडेपाच-पावणेसहा हजार गाई. चार वारसांत एकदा वाटणी केली आणि त्यांच्या मुलांत पुन्हा चार-चार वाटे पडले, की एकेकाच्या वाट्याला साडेतीनशे गाई. प्रत्येकाला वेगळं कुंपण, वेगळे घोडे, वेगळी माणसं, वीस-पंचवीस गाईंमागे एक वळू. एका दुष्काळात यातले निम्मे वाटे कर्जात जातात. शिवाय पाणी काही सारखं वाटलेलं नसतं. उन्हाळ्यात गाय दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी पिते आणि पाण्यापासून मैल-दीड मैलापलीकडे चरायला राजी नसते. म्हणजे पाणवठ्याजवळचं कुरण खुरांनी उघडं पडतं आणि लांबचं उभं गवत तसंच वाळून जातं. पवनचक्की कुठे बसवली यावर जमीन किती कामाची हे ठरतं. नकाशावर रेघा मारून सारखे वाटे करता येतात. त्यातल्या एखाद्यात विहीरच नसते.

हे बर्क बर्नेटला पक्कं कळत होतं. त्याने ते दुष्काळाकडूनच शिकून घेतलं होतं. १८८० च्या दशकात टेक्सासमध्ये गवत संपलं तेव्हा तो रेड नदी ओलांडून कोमांची या मूळनिवासी जमातीच्या राखीव मुलुखात गेला. त्यांचा प्रमुख क्वाना पार्कर याच्याशी बोलून त्याने आणि वॅगनरसारख्या इतर गुरेवाल्यांनी तिथली कुरणं भाड्याने घेतली. बर्नेटच्या वाट्याला सुमारे तीन लाख एकर, भाडं एकरी साडेसहा सेंट. क्वाना व्यवहारात कच्चा नव्हता. सगळ्या कोमांचींना हे भाडेकरार पसंत नव्हते, पण गवताचे पैसे जमातीत वाटले जात आणि त्यात त्यांचा निभाव लागत होता. बर्नेट आणि क्वाना यांची मैत्री खरी होती याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण १९०१ मध्ये सरकारने तो राखीव मुलूख गोऱ्या वसाहतींसाठी खुला केला, चिठ्ठ्या टाकून जमिनी वाटल्या आणि उरलेलं मोठं कुरणही १९०६ मध्ये विकलं गेलं. मुदत वाढवून घेण्यासाठी बर्नेट थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत पोहोचला. १९०५ मध्ये रूझवेल्ट त्याच कुरणावर लांडग्यांच्या शिकारीला आला होता. गुरेवाल्यांना मुदत मिळाली, दुसरीकडे जमीन घ्यायला उसंत मिळाली. बर्नेटने गथ्रीजवळची रँच १९०० च्या सुमारास घेतली आणि पाठोपाठ उत्तरेला पॅनहँडलमधली डिक्सन क्रीक. क्वानाच्या लोकांना मात्र दुसरीकडे जायला जागा नव्हती. या घराण्याच्या वारशाबद्दल बोलताना हा पहिला, हिरावलेला वारसा धरला नाही तर हिशेब खोटा ठरतो.

डागाची गोष्टही सांगायला हवी, कारण बर्नेट हे नाव निघालं की पत्त्यांची कथा येतेच: जुगारात चार छक्के लागले आणि रँच जिंकली. ती खरी नाही. डेंटनच्या फ्रँक क्रॉली नावाच्या माणसाकडून त्याने शंभर गुरं घेतली, त्यांच्या अंगावर तो डाग आधीच होता आणि गुरांबरोबर डागाचा हक्कही विकत मिळाला. इतकं साधं. पण सहाचा आकडा डागायला सोपा नाही. त्याचं खालचं वेटोळं बंद असतं, आणि बंद आकारात उष्णता कोंडली की आतली कातडी पूर्ण भाजून निघते, जखम चिघळते आणि बरी झाल्यावर आकड्याच्या जागी नुसता गोळा दिसतो. म्हणून जाणते लोहार डागणीच्या वेटोळ्यात बारीक फट ठेवतात. लोखंड लालभडक असताना लावायचं नाही. ते केस पेटवतं आणि खोल जातं. राखेसारखा करडा रंग आला की ते तयार. तीन ते पाच सेकंद नीट टेकवायचं, हलवायचं नाही, उचलल्यावर कातडी खोगिराच्या चामड्यासारखी तपकिरी दिसली पाहिजे. अंग ओलं असेल तर वाफेने भाजतं आणि डाग पसरतो, त्यामुळे पावसात किंवा दवात हे काम करत नाहीत. वसंतात चकवॅगन, म्हणजे फिरता मुदपाकखाना, बाहेर निघतो. पहाटेच्या अंधारात गुरं वळवून आणतात. घोड्यावरचा एक जण वासराच्या मागच्या पायांत फास टाकून ते आगटीपाशी ओढत आणतो, दोघे त्याला आडवं धरतात, आणि मिनिटभरात डाग, फऱ्याची लस आणि खोंड असेल तर खच्चीकरण उरकून ते आईकडे सोडून देतात. जळक्या केसांचा धूर, धूळ आणि गाईंचं हंबरणं. या कामात मालकीण आहे की मालक याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो, वासरू किती वेळ आईपासून तुटलं याने.

मालकिणीचा फरक कुठे पडतो हे पाहायचं तर शेजारच्या वॅगनर घराण्याकडे बघावं.

वॅगनरांचा डाग तीन उलटे डी. चोरांना फिरवून दुसरं काही करता येऊ नये म्हणून उलटे, असं सांगतात. व्हर्नन गावाच्या दक्षिणेला त्यांची पाच लाखांहून जास्त एकरांची सलग रँच होती. टॉम वॅगनरने पाण्यासाठी विहिरी खणल्या तर त्यांत तेल लागलं, आणि तो चिडला, कारण तहानलेल्या गुरांना तेल पाजता येत नाही. काही वर्षांनी, १९११ मध्ये, जवळच्या गावी तेलाचा फवारा उडाला आणि तेच तेल घराण्याची ओळख झालं. त्या गावाचं नाव इलेक्ट्रा, टॉमच्या लेकीवरून. ही पहिली इलेक्ट्रा वॅगनर म्हणजे वर्तमानपत्रांची लाडकी. लग्नात वडिलांनी तिला फोर्ट वर्थमध्ये थिसल हिल हा वाडा बांधून दिला. एका दिवसात वीस हजार डॉलरची खरेदी केली, एक पोशाख दुसऱ्यांदा घातला नाही, असे किस्से तिच्याभोवती वाढले. त्यांतलं खरं किती हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक जाणवतं: तिला पैसे, वाडा, जमीन सगळं दिलं गेलं, काम मात्र कुणी दिलं नाही. १९२५ मध्ये, त्रेचाळीसाव्या वर्षी, ती न्यूयॉर्कमध्ये वारली. तिचा वाडा बांधणारे वास्तुरचनाकार सँगिनेट आणि स्टॅट्स. त्यांच्याकडूनच बर्क बर्नेटने १९१७ मध्ये गथ्रीला रँचवरच्याच दगडाचं मोठं घर बांधून घेतलं, एक लाख डॉलर खर्चून. दोन्ही घराणी इतकी जवळ, की बर्नेटच्या नातीचं, अ‍ॅनचं, पहिलं लग्नही वॅगनरांच्या गायशी झालं होतं. ते टिकलं नाही.

टॉम वॅगनरने मुलांना आधी जमिनीचे वाटे दिले, मग १९२३ मध्ये सगळं पुन्हा एका ट्रस्टमध्ये आणलं. हेतू बर्नेटसारखाच, कुरण एक राहावं. पण त्याच्या ट्रस्टला दोन शाखा उरल्या आणि दोघींचं वजन सारखं. एका बाजूला टॉमची नात, दुसरी इलेक्ट्रा, म्हणजे इलेक्ट्रा वॅगनर बिग्ज. ती शिल्पकार होती. विनोदी नट विल रॉजर्सचा घोड्यावरचा पुतळा तिचाच, आणि ब्यूकच्या इलेक्ट्रा मोटारीला नाव मिळालं तेही तिच्यावरून. दुसऱ्या बाजूला पहिल्या इलेक्ट्राचे वंशज. १९९१ मध्ये बिग्जबाईंनी ट्रस्ट मोडून विक्री करावी म्हणून कोर्टात धाव घेतली, दुसऱ्या बाजूने नकार दिला, आणि सारख्या वजनाच्या दोन पारड्यांमध्ये पंचवीस वर्षं गेली. त्या पंचवीस वर्षांत ती स्वतः गेली, २००१ मध्ये. २०१४ मध्ये रँच साडेबहात्तर कोटी डॉलरला विक्रीला लागली आणि २०१६ मध्ये क्रीडासंघांचे मालक स्टॅन क्रोंकी यांनी घेतली. रँचच्या डायव्हर्जन तलावाकाठी भाड्याच्या जागेत घरं करून राहिलेल्या लोकांना नंतर निघून जायला सांगण्यात आलं. कित्येकांची उभी हयात तिथे गेली होती. वारसांच्या भांडणाची बातमी होते. या लोकांचं नाव कुठल्याच मृत्युपत्रात नव्हतं, त्यामुळे त्यांना भांडायलाही जागा नव्हती.

बर्नेटच्या कागदात ही दुही नव्हती, कारण त्याने वारस एकच ठेवला. क्रूर कागद होता तो. मुलाला डावलणारा, बायकोला नाकारणारा. पण गवताच्या बाजूने पाहिलं तर त्याने शतकभर काम केलं, आणि हे मान्य करताना मला बरं वाटत नाही.

ज्या अ‍ॅनच्या हाती हे आलं तिला सगळे मिस अ‍ॅन म्हणत. चार लग्नं झाली, शेवटचं रेडिओशॅकवाल्या चार्ल्स टँडीशी. म्हणून ती अ‍ॅन बर्नेट टँडी. वडील टॉम १९३८ मध्ये गेले, त्यांच्या ट्रँगल रँचेसही तिच्याकडे आल्या. विकून मोकळं होता येत नाही अशी मालमत्ता हाताशी असताना माणूस काय करतो? तिने घोडे केले. टॉमने जो हॅनकॉक नावाचा घोडा विकत घेतला होता. त्याच्या आईत ओझ्याच्या पर्शरॉन जातीचं रक्त होतं, त्यामुळे हाड जाड, छाती रुंद, आणि तरीही वेग. फास टाकलेलं जनावर खोगिराला बांधून थोपवायला असाच घोडा लागतो. मिस अ‍ॅनकडे पुढे १९४० साली जन्मलेला हॉलिवूड गोल्ड आला, ज्याची पिल्लं कळपातून एकेक गाय निवडून वेगळी काढण्याच्या कामात नावाजली. १९४० मध्ये फोर्ट वर्थला अमेरिकन क्वार्टर हॉर्स संघटना स्थापन झाली, तेव्हा मिस अ‍ॅनचा दुसरा नवरा जेम्स गुडविन हॉल संघटनेचा पहिला खजिनदार होता, आणि त्या उभारणीत तिचाही हात होता. तोवर हे घोडे म्हणजे रँचोरँची विखुरलेली, तोंडी वंशावळीची जनावरं. नोंदवही आली आणि जात पक्की झाली. घोडा तयार करायला घाई चालत नाही. शिंगरू पाच-सहा महिन्यांचं झालं की आईपासून तोडायचं, दोराची सवय लावून पुन्हा कुरणात सोडायचं, खडकाळ उताराचं चालणं त्याने स्वतः शिकायचं, आणि दुसऱ्या वर्षी खोगीर. लवकर ओझं टाकलं तर गुडघे जातात, फार उशीर केला तर माणसाचं ऐकायची सवय लागत नाही. प्रत्येक काउबॉयकडे सहा-सात घोड्यांचा संच असतो, कारण एकच घोडा रोज राबवला तर मोसम संपायच्या आत तो मोडतो. रँचच्या घोड्यांना खांद्यावर फक्त एल हा डाग. तो बर्क बर्नेटच्या पहिल्या सासऱ्याकडून, बँकवाल्या लॉइडकडून आलेला. म्हणजे ज्या अक्षराने हे घोडे ओळखले जातात तेसुद्धा एका लेकीबरोबर या घरात आलं.

१९३८ मध्ये जन्मलेलं ते लेकरू म्हणजे धाकटी अ‍ॅन, पुढे अ‍ॅन विंडफोर मॅरियन. १९८० मध्ये आई गेल्यावर कारभार तिच्याकडे आला. तिच्या काळातलं सगळ्यात चिवट काम मेस्किटचं होतं. मेस्किट म्हणजे मराठवाड्यात, सोलापुराकडे जी वेडी बाभूळ माजते तिची सख्खी बहीण, एकाच कुळातली. गुरं तिच्या गोड शेंगा खातात आणि शेणातून बी रानभर पेरतात, म्हणजे ज्या धंद्याला ती खाते तोच धंदा तिला पसरवतो. बुंधा तोडला तर जमिनीखालचे डोळे फुटून एका खोडाची दहा होतात. ती मारायची तर मुळी फूटभर खोल, त्या डोळ्यांच्या खाली कापावी लागते. नाहीतर पानं पूर्ण वाढल्यावर आणि फूटभर खोलीवरची माती चोवीस अंशांच्या आसपास तापल्यावरच औषध फवारायचं. त्याआधी फवारलं तर रस वर चढत असतो, औषध मुळापर्यंत उतरत नाही, पानं करपतात आणि सहा महिन्यांत झाड पुन्हा उभं. साफ केलेल्या तुकड्यावर लगेच गुरं सोडली तरी सगळी मेहनत पाण्यात, कारण गवताला मुळं धरायला अवधी हवा. हे काम कधीच संपत नाही. अशा कामावर पैसे घालणारा मालक पन्नास वर्षांपलीकडचं बघतो.

आणि तिने बरंच काही पाहिलं. नवरा जॉन मॅरियन लिलावाच्या जगातला, सदबीजचा अध्यक्ष. दोघांनी सँटा फेला जॉर्जिया ओकीफ संग्रहालय उभारलं, ते १९९७ मध्ये उघडलं. गुरांच्या पांढऱ्या पडलेल्या कवट्या रंगवणारी ओकीफ तरुणपणी टेक्सासच्या पॅनहँडलमध्येच, कॅन्यन गावी चित्रकला शिकवत होती. डिक्सन क्रीकच्या वारसदाराला तिचं आकाश परकं वाटलं नसणार. फोर्ट वर्थच्या आधुनिक कला संग्रहालयाची तादाओ आंदोने केलेली इमारत, २००२ ची, तीही मुख्यतः बर्नेट फाउंडेशनच्या पैशावर उभी राहिली. आणि २०२२ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अ‍ॅन बर्नेट मॅरियन हे नाव मिळालं. म्हाताऱ्याने जिला इस्टेटीबाहेर ठेवायचा प्रयत्न केला ती बायको आणि जिच्यासाठी इस्टेट राखली ती पणती, दोघींनी आपलं दान एकाच दारी नेलं. हे ठरवून झालं नसेल. पण फोर्ट वर्थ बर्नेटांना ओळखतं ते आज या दोघींमुळे, आणि मला यात न्याय दिसतो.

धाकटी अ‍ॅन २०२० च्या फेब्रुवारीत गेली. तिच्या मृत्युपत्रात रँच विकावी असं लिहिलेलं होतं. तिला एक मुलगी आहे, नात आहे. तरी विकावी. पणजोबाने जे मोडता येऊ नये म्हणून बांधलं ते मोडायचा अधिकार तिच्या हाती आला आणि तिने तो वापरला. हळहळ खूप झाली. १८८५ मध्ये नवरा गेल्यावर पाच लाख एकर आणि जवळजवळ तेवढ्याच डॉलरचं कर्ज उचलणाऱ्या हेन्रिएटा किंगची टेक्सासमधलीच किंग रँच कंपनी होऊन आजही घराण्याकडे आहे, तसं हे का नाही, असं विचारलं गेलं. पण शंभरावर भागधारकांनी एकत्र राहणं हा एक मार्ग, आणि वॅगनरांसारखं पंचवीस वर्षं भांडणं हा दुसरा. बाई वॅगनरांचा खटला डोळ्यांपुढे बघत होती. आपल्या मागे लेकीला आणि नातीला त्या जोखडात न अडकवण्याचा निर्णय मला थंड वाटत नाही. तो मायेचा वाटतो. २०२१ च्या मे महिन्यात तिचा चित्रसंग्रह, वॉरहॉल आणि क्लिफर्ड स्टिलसकट, सदबीजमध्ये साडेपंधरा कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच महिन्यात रँचचा सौदा झाल्याचं जाहीर झालं. टीव्ही मालिकांचा लेखक टेलर शेरिडन आणि त्याच्याबरोबरचे गुंतवणूकदार हे घेणारे.

विक्रीला काढताना तीन भागांचे मिळून दोन लाख सहासष्ट हजार एकर होते आणि मागितलेली किंमत साडेचौतीस कोटी डॉलरच्या वर. एकरी तेराशे डॉलर धरा. एका गाईला पंचवीस एकर म्हणजे साडेबत्तीस हजार डॉलरची जमीन तिच्या खुरांखाली. ती वर्षाला एक वासरू देते, आणि त्या वर्षी आईपासून तोडलेल्या वासराला सात-आठशे डॉलर मिळत होते. त्यातून मजुरी, लस, कुंपण, मेस्किटची फवारणी. कुठल्याही कर्जाचं व्याज यातून फिटत नाही. गथ्रीला वर्षानुवर्षं गुरं सांभाळणारा सगळ्यात हुशार माणूससुद्धा ही जमीन गुरांच्या जोरावर घेऊ शकला नसता. घराण्यातली एखादी लेक इतर वारसांचे वाटे विकत घेऊन रँच चालवायला पुढे आली असती, तर तिलाही ते जमलं नसतं.